वाटेचं भाडं

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात, मांजरम गावाजवळ, अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या म्हणजे एनसीबीच्या मुंबई पथकाने एक ट्रक अडवला. झडतीत ११२७ किलो गांजा निघाला. माल आंध्र प्रदेशातून आला होता आणि जळगावकडे चालला होता. दोघांना अटक झाली. पुढच्या आठवड्याभरातच एनसीबीने नांदेडच्या कामठा भागात छापा घातला. तिथे अफूच्या बोंडांचा १११ किलो चुरा, दीड किलोच्या आसपास अफू, चुरा दळायची यंत्रं आणि नोटा मोजायचं मशीन हाती लागलं.

१९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात आणि २० किलोहून जास्त ‘व्यावसायिक’. व्यावसायिक मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. मांजरमचा माल त्या मर्यादेच्या छप्पन पट होता. तरी अशा प्रकरणांत ट्रकसोबत सापडणारी माणसं ठरलेली असतात: चालक, क्लीनर, फार तर पुढे नाकाबंदी आहे का ते बघत निघालेल्या ‘पायलट’ गाडीतला एखादा पोरगा. त्यांना खेपेमागे मजुरी मिळते. मालाचा धनी कोण, हे त्यांना बहुधा माहीत नसतं, आणि माहीत नसावं अशीच ती साखळी बांधलेली असते.

या साखळीतला पैसा कुठे कुठे झिरपतो, आणि त्यातला काही बंदुकीपर्यंत पोहोचतो तो कसा, हा या प्रकरणाचा विषय. त्यासाठी देगलूर हे सोयीचं ठाणं आहे. इथल्या माणसाला सरहद्द नकाशात शोधावी लागत नाही. हैदराबाद रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात मदनूर येतं, ते तेलंगणात. हणेगावच्या अंगाने गेलं की कर्नाटकातला औराद तालुका. सोयरीक तिन्ही राज्यांत, आणि बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चारही बोली कानावर पडतात. हा सगळा मुलूख निजामाच्या एकाच राज्यातला. मधल्या रेषा १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत पडल्या. आज अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेडवरून देगलूरमार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ याच गावावरून जातो. तेलंगणातून येणाऱ्या मालाला नांदेड जिल्ह्यात शिरायला मोठे दरवाजे तीन: देगलूर, बोधनकडून बिलोली आणि भैंशाकडून भोकर. तांदूळ, सिमेंट, मिरची याच वाटेने येते, आणि पोत्यांखाली दडवलेला गांजाही याच वाटेने.

बंडखोर संघटना अमली पदार्थ विकून पोसल्या जातात, असं आपण सहज बोलून जातो. जवळून पाहिलं तर यातल्या बहुतेक संघटना माल फारसा विकत नाहीत. त्या वाट विकतात. कुठलं शेत सुरक्षित, कुठला घाट मोकळा, कुठल्या रात्री गाडी जाऊ द्यायची, ही परवानगी त्यांच्या हातात असते आणि तिचं भाडं त्या वसूल करतात. मालाचा भाव चढो की उतरो, भाडं चुकत नाही. ही गोष्ट ध्यानात आली की काबूलपासून कोकणापर्यंतच्या अनेक घटना एकाच ओळीत येऊन बसतात.

सिलेरूच्या काठी

नांदेडकडे येणाऱ्या गांजाचं मूळ बहुतेक वेळा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या पूर्व घाटात असतं. विशाखापट्टणमच्या ‘एजन्सी’ म्हणजे आदिवासी भागातली चिंतापल्ली, जी. मादुगुला, पेदबयलू, मुंचिंगपुट्टू ही मंडलं आणि सिलेरू नदीपलीकडचा ओडिशाचा मलकानगिरी जिल्हा. उतारावरची जमीन, थंड हवा, तुरळक वस्ती आणि रस्त्यांची वानवा. इथल्या ‘शीलावती’ जातीच्या गांजाचं नाव मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकालाही माहीत असतं.

शेत आदिवासीचं असतं, पण पीक खऱ्या अर्थाने त्याचं नसतं. बाहेरचा व्यापारी बी देतो, उचल देतो, खताचे पैसे देतो आणि तयार माल ठरलेल्या भावाने उचलतो. काढणीनंतर माल वाळवायचा, दाबून विटांसारखे गठ्ठे करायचे, वास येऊ नये म्हणून तपकिरी चिकटपट्टीचे वेढे मारायचे. मग डोक्यावरून किंवा मोटारसायकलवरून डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून पुढे टेम्पो, ट्रक, टँकर. वर नारळ, भाजी, रोपवाटिकेतली झाडं किंवा गाडीच्या तळाशी ठोकून घेतलेला चोरकप्पा. डोंगरात किलोमागे हाती पडणारे पैसे आणि महाराष्ट्रातल्या पंचनाम्यात धरला जाणारा किलोचा भाव यांत कित्येक पटींचं अंतर असतं. हे अंतर मालाच्या गुणामुळे पडत नाही. वाटेतल्या प्रत्येक धोक्याची किंमत त्यात मिळवत जातात.

या वाटेचा पहिला टप्पा वर्षानुवर्षं माओवाद्यांच्या ताब्यात होता. मलकानगिरीतल्या चित्रकोंडा भागाकडे पाहा. बालिमेला धरणाच्या पाण्याने इथली १५१ गावं उरलेल्या जिल्ह्यापासून तुटली. सरकारी कागदांत त्या मुलखाचं नावच ‘कट-ऑफ एरिया’ पडलं. जायचं तर लाँचने. २९ जून २००८ रोजी याच जलाशयात आंध्रच्या ग्रेहाउंड्स दलाच्या लाँचवर हल्ला झाला आणि ३८ जण मारले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये मलकानगिरीचे जिल्हाधिकारी आर. विनील कृष्णा यांचं अपहरण झालं, तेही याच मुलखात. सरकारला पाय ठेवायला जिथे असं अवघड, तिथे गांजा निर्धास्त वाढतो. आंध्र आणि ओडिशाचे पोलीस सांगत आले की माओवादी पेरणाऱ्याकडून आणि उचलणाऱ्याकडून वसुली करतात. पोलिसांच्या आरोपपत्रांत शब्द असतो ‘लेव्ही’.

या वसुलीला दुसरीही बाजू आहे आणि ती पैशापेक्षा महत्त्वाची ठरते. अमेरिकी अभ्यासक वांडा फेल्बाब-ब्राउन यांनी २०१० साली आपल्या पुस्तकात ती नेमकी मांडली. अफूच्या किंवा कोकाच्या पिकावर ज्या कुटुंबाचं पोट आहे, त्याचं शेत सरकार उखडतं आणि बंडखोर राखतात. मग ते कुटुंब कोणाकडे झुकेल? बंडखोराला पैसा मिळतो, शिवाय गावाचं मौनही मिळतं. पोलिसांना खबर देणारं तोंड बंद होतं. पर्यायी पीक न देता मारलेली धाड म्हणूनच अनेकदा उलटते: बंदूकवाल्याचं उत्पन्न थोडं घटतं आणि त्याचा आसरा वाढतो.

आंध्र पोलिसांनी २०२१च्या शेवटी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं तेव्हा एजन्सी भागातलं हजारो एकर पीक कापलं गेलं. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी अनकापल्लीजवळ कोडूरू इथे जप्त केलेला सुमारे दोन लाख किलो गांजा जाळण्यात आला. त्याची किंमत पोलिसांनी ८५० कोटी रुपये सांगितली. कॅमेऱ्यांसमोर पेटलेला तो ढीग जितका मोठा होता, त्याहून मोठा फरक शांतपणे आधीच पडला होता. २६ जुलै २०१८ रोजी कट-ऑफ भागात ‘गुरुप्रिया’ हा ९१० मीटरचा पूल सुरू झाला. पायाभरणी १९८२ साली, उद्घाटन छत्तीस वर्षांनी. पूल झाला तशी सुरक्षा दलांची ठाणी आत गेली, रुग्णवाहिका आत गेली, आणि वाट अडवून भाडं घेण्याची माओवाद्यांची मक्तेदारी मोडायला सुरुवात झाली.

इथे एक सावधगिरी हवी. माओवाद्यांच्या तिजोरीतला गांजाचा वाटा सांगताना आकड्यांची उधळण होते. त्यांच्या एकूण वार्षिक वसुलीचेच अंदाज पाहा: २०१०च्या सुमाराला केंद्रीय गृहसचिव जी. के. पिल्लै यांनी १४०० कोटी रुपये सांगितले. पुढे गृह मंत्रालयासाठी झालेल्या संरक्षण अभ्यास संस्थेच्या पाहणीत १४० कोटींच्या खाली नाही, असं आलं. दहा पटींचा फरक. आणि या वसुलीत सर्वांत मोठा भार कायदेशीर धंद्यांचाच होता: खाणी, रस्त्यांची कंत्राटं, बांबू, तेंदूपान. गडचिरोलीत गांजाचा डोंगर नाही, तरी तिथे चार दशकं माओवाद्यांचे दलम, म्हणजे सशस्त्र गट, टिकले. उन्हाळ्यातल्या तेंदू हंगामात ठेकेदाराने पुड्यामागे ठरलेली रक्कम दिली नाही तर पानं गोळा करायची फळी पेटायची. तेंदूपान विडीत जातं, गांजा चिलमीत. भाडं घेणाऱ्याला त्यात फरक नव्हता.

कंपनी सरकारचा पास

वाटेचं भाडं घेण्याची कला बंडखोरांनी शोधलेली नाही. आपल्याच इतिहासात तिचा सर्वांत मोठा प्रयोग एका सरकारने केला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनला जाणाऱ्या अफूत ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती ती बिहार-बनारसच्या अफूवर. माळव्याची अफू मात्र होळकर, शिंदे, धारचे पवार यांच्या मुलखात पिकायची. १८१८ साली मराठ्यांचा पाडाव झाला, तरी या संस्थानांतली अफू कंपनीच्या हाती आली नाही. कंपनीने दहा-बारा वर्षं खटपट केली: सगळी अफू स्वतः विकत घेऊन पाहिली, संस्थानिकांशी करार करून वाटा बंद करून पाहिल्या. व्यापारी तिच्या हाती तुरी देत माल राजपुतान्यातून, सिंधमधून फिरवून कराची आणि पोर्तुगीजांच्या दमणला नेत राहिले. शेवटी १८३०च्या सुमाराला कंपनीने हट्ट सोडला आणि पास काढला. अफू तुमची, गिऱ्हाईक तुमचं, नफा तुमचा. मुंबई बंदरातून न्यायची तर पेटीमागे पासाचे पैसे भरा. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, कराचीची पळवाट बुजली, आणि चार-पाच वर्षांत पासाचा दर पेटीमागे १२५ रुपयांवरून ४०० रुपयांवर गेला. पर्यायी वाट बंद झाली की भाडं चढतं, हा नियम इतक्या उघडपणे क्वचितच दिसतो. मुंबईच्या थोर घराण्यांची संपत्ती याच पेट्यांवर उभी राहिली आणि सरकारी तिजोरीत पासाचे लाखो रुपये जमा होत राहिले.

अफगाणिस्तानात तालिबानने दीडशे वर्षांनी हेच केलं, फक्त पासाऐवजी नाव धार्मिक ठेवलं: उश्र, म्हणजे पिकाचा दशांश. शेतकऱ्याकडून उश्र, व्यापाऱ्याकडून आणखी काही, हेरॉइन बनवणाऱ्या भट्टीकडून वेगळं, सरहद्दीपर्यंतच्या वाहतुकीचं त्याहून वेगळं. २०१७ साली देशात सुमारे ९००० टन अफू पिकली. तालिबान म्हणजे अफूचा धंदा, हे समीकरण जगभर पक्कं झालं. पण डेव्हिड मॅन्सफिल्ड आणि ग्रॅम स्मिथ यांनी २०२१ मध्ये इराणच्या सीमेवरच्या निमरोझ प्रांताचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा वेगळंच चित्र निघालं. तालिबानला अफूपेक्षा कितीतरी जास्त पैसा इंधनाच्या टँकरवर आणि रोजच्या व्यापारी मालावर लावलेल्या नाक्यांतून मिळत होता.

पुढचं वर्ष तर या हिशेबाचा पुरावाच ठरलं. सत्ता हाती आल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये, तालिबानच्या प्रमुखाने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार लागवड २ लाख ३३ हजार हेक्टरवरून २०२३ मध्ये १० हजार ८०० हेक्टरवर आली. शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर कोसळलं. हजारो कुटुंबांची चूल विझली, पण तालिबानची राजवट कोसळली नाही. सगळ्या वाटा, सगळे नाके, सगळी जकात आता त्यांचीच होती. ज्यांचं पोट खरोखर अफूवर होतं ते शेतकरी होते. राज्यकर्त्यांचं पोट नाक्यांवर होतं.

दक्षिण अमेरिकेत भाड्याची पावती आणखी स्पष्ट दिसते. पेरूमध्ये १९८०च्या दशकात ‘शायनिंग पाथ’ ही माओवादी संघटना वरच्या वायागा खोऱ्यात शिरली. कोकाची पेस्ट न्यायला कोलंबियातून छोटी विमानं जंगलातल्या धावपट्ट्यांवर उतरायची. संघटनेने प्रत्येक विमानाच्या उतरण्याचे पैसे घेतले, आणि बरोबरच व्यापाऱ्यांना दरडावून शेतकऱ्याला भाव वाढवून दिला. पेरूचे राष्ट्राध्यक्ष बेलाउंदे यांनी १९८३ साली ‘नार्को-टेररिझम’ हा शब्द रूढ केला तो याच सुमाराला. कोलंबियात ‘फार्क’ या बंडखोर संघटनेने १९८२च्या अधिवेशनानंतर कोकाच्या खरेदीदारांवर वजनाप्रमाणे कर बसवला, त्याला तिथे ‘ग्रामाखे’ म्हणत. म्यानमारच्या शान डोंगरांत खुन सा हा सरदार अफूच्या काफिल्यांकडून मिळणाऱ्या पैशावर हजारोंचं सैन्य बाळगत होता; जानेवारी १९९६ मध्ये तो सरकारला शरण गेला आणि त्याची जागा शेजारच्या वा सैन्याने घेतली.

गोंडघर फाटा

वाट विकत मिळते याचा महाराष्ट्राने सर्वांत महागडा धडा घेतला तो १९९३ साली.

रायगडच्या किनाऱ्यावर त्याआधी कित्येक वर्षं सोन्या-चांदीची तस्करी चाले. होड्या कुठे लागतात, पोती कोण उतरवतं, कस्टम्समध्ये कोणाला किती द्यायचे, सगळं बसलेलं. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघीच्या धक्क्यावर उतरलेला माल घेऊन वाहनं निघाली. म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ती अडवली. देवघेवीची बोलणी झाली. पुरेशी रोकड जवळ नव्हती, म्हणून तस्करांनी चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि वाहनं पुढे गेली. फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर आणखी खेपा उतरल्या, त्यात आरडीएक्स होतं. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयाने दहशतवाद्यांबरोबर कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरवले.

गोंडघर फाट्यावरच्या पोलिसांनी देश विकायचा ठरवला नव्हता. त्यांनी नेहमीच्या तस्करीचा नेहमीचा दर घेतला. अडचण अशी की वाट एकदा विकायला काढली की तिच्यावरून काय जातं ते विकणाऱ्याच्या हातात राहत नाही. चांदी जाऊ देणारा फाटा आरडीएक्सही जाऊ देतो. अमेरिकेच्या अर्थखात्याने दाऊद इब्राहिमला ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक दहशतवादी घोषित केलं, तेव्हा त्याच्या तस्करीच्या वाटा अल-कायदाबरोबर वाटून घेतल्याचा ठपका त्यात होता. २००६ मध्ये अमली पदार्थांचा बडा तस्कर म्हणूनही त्याच्यावर निर्बंध आले. दोन्ही आदेशांत आरोपी एकच आणि वाटाही त्याच.

याच चालीचं ताजं उदाहरण गुजरातच्या मुंद्रा बंदरातलं. सप्टेंबर २०२१ मध्ये इराणच्या बंदर अब्बासहून आलेल्या दोन कंटेनरांत टाल्कच्या पोत्यांतून सुमारे २९८८ किलो हेरॉइन निघालं. आयात करणाऱ्या कंपनीचा पत्ता विजयवाड्याचा होता. या धंद्याचा पैसा लष्कर-ए-तैयबाकडे जात असल्याचा आरोप राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, न्यायालयात ठेवला आहे. इथे भाड्याने घेतली गेली ती एक कायदेशीर वाट: आयातपरवाना, जीएसटी क्रमांक आणि कंटेनर.

नांदेडचा धागा

नांदेडला या विषयाशी जोडणारं एक नाव आहे हरविंदरसिंग संधू ऊर्फ रिंदा. मूळ पंजाबातल्या तरनतारन जिल्ह्यातला. लहानपणी कुटुंब नांदेडला आलं आणि तो इथेच वाढला. खंडणी, खून अशा गुन्ह्यांतून पुढे येत तो पाकिस्तानात पोहोचला आणि बब्बर खालसा इंटरनॅशनल या खलिस्तानवादी संघटनेत सामील झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याला यूएपीए कायद्याखाली दहशतवादी घोषित केलं. सीमेपलीकडून शस्त्रं आणि अमली पदार्थ पाठवण्याचा आरोप त्याच्यावर आहे.

५ मे २०२२ रोजी हरियाणात कर्नालजवळच्या बस्तारा टोलनाक्यावर पोलिसांनी एक इनोव्हा अडवली. आत चौघे जण, एक पिस्तूल, ३१ काडतुसं, रोख १ लाख ३० हजार रुपये आणि अडीच-अडीच किलोचे तीन धातूचे डबे, डब्यांत स्फोटकं. माल फिरोजपूरच्या सीमेवर ड्रोनने टाकला गेला होता आणि पाठवणारा रिंदा, असं पोलिसांनी सांगितलं. पोहोचवायचं ठिकाण तेलंगणातलं आदिलाबाद, म्हणजे किनवटच्या शेजारचं. याआधी नांदेडलाही अशी खेप पोहोचवल्याचं त्यांच्या चौकशीत पुढे आलं. पाकिस्तानच्या सीमेवरचा ड्रोन आणि मराठवाड्याची वेस यांच्यात हमरस्त्यावरचे दोन-तीन दिवस, एवढंच अंतर होतं.

माओवाद्यांची रीत इथे उलटी झालेली दिसते. तिथे आधी संघटना होती आणि तिने तस्करीवर भाडं बसवलं. इथे आधी टोळी होती आणि विचारधारेचा झगा नंतर चढला. ड्रोनच्या खेपेत हेरॉइन आणि पिस्तूल शेजारी-शेजारी येतात. हेरॉइन विकून पोरांची मजुरी निघते, आणि पिस्तूल चालवणाराही त्याच पोरांतून निवडला जातो. त्याला खलिस्तानशी काही देणंघेणं असेलच असं नाही; त्याला हप्ता मिळतो.

हे लिहिताना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नांदेडचा शीख समाज १७०८ पासून, गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या दिवसांपासून, या शहराचा भाग आहे. रिंदाच्या टोळीने खंडणीसाठी आधी छळलं ते याच शहरातल्या व्यापाऱ्यांना. एका फरार माणसाचं नाव एका समाजावर चिकटवणं हे पोलिसांच्याही कामाचं नाही: ज्या गल्लीतून खबर यायची, ती गल्ली अशाने बंद होते.

प्रत्येक पुडीमागे बंदूक नसते

एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात रोहिणा गावात मेफेड्रोनचा म्हणजे ‘एमडी’चा कारखाना पकडला. ११.३६ किलो एमडी, किंमत सुमारे १७ कोटी. अटक झालेल्यांत मुंबई पोलीस दलातला एक कर्मचारी होता. रसायनं, एक शेड, थोडं रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि मुंबईची बाजारपेठ. या धंद्याला डोंगर लागत नाही, सरहद्द लागत नाही, कोणाची क्रांतीही लागत नाही.

रोहिण्यासारख्या प्रकरणाला ‘नार्को-टेररिझम’ म्हणून टाकलं की बातमी मोठी होते, तपास मात्र भरकटतो. वाट कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न तिथेही विचारायचा. फक्त उत्तर जंगलात सापडणार नाही, शासनाच्याच गणवेशात सापडू शकतं. कृत्रिम अमली पदार्थांनी एक बदल घडवला आहे तो हाच. पीक घ्यायला मुलूख लागतो, म्हणून मुलखावर हुकूमत असलेल्या बंदूकवाल्याला भाडं मिळतं. शेडमध्ये बनणाऱ्या मालाला मुलूख लागत नाही. त्याला लागतो तो डोळे मिटणारा माणूस. भाडं तिथेही आहे, घेणारा वेगळा.

पोतं आणि हिशेब

मग नाक्यावर पोती पकडायची नाहीत का? पकडायलाच हवीत. पण एक ट्रक गेला तर साखळीतल्या वरच्या माणसाची एका खेपेची गुंतवणूक जाते, आणि गांजाच्या मूळ किमतीला ती त्याला परवडते. त्याला परवडत नाही ते घर, जमीन, बँकखातं जाणं. एनडीपीएस कायद्यात १९८९ मध्ये घातलेलं प्रकरण ५-अ नेमकं यासाठीच आहे: तस्करीतून घेतलेली मालमत्ता शोधायची, गोठवायची, जप्त करायची. जिल्हा पातळीवर ही तरतूद वापरायला वेळ, लेखापरीक्षक आणि चिकाटी लागते. मुद्देमालाच्या फोटोत ती दिसत नाही, म्हणून मागे पडते. देगलूरच्या नाक्यावर चालकाला विचारायचा खरा प्रश्न ‘माल कुठून आणला’ एवढ्यावर थांबत नाही. डिझेलचे पैसे कोणी टाकले, टोलचा फास्टॅग कोणाच्या खात्याला जोडला आहे, पायलट गाडी कोणाच्या नावावर आहे, मोबाइलवर रिचार्ज कोण करतं, हेही विचारायचं. वाटेचं भाडं आता रोखीत कमी आणि यूपीआयवर जास्त फिरतं, आणि यूपीआय माग सोडतं.

पूर्व घाटातल्या बंदुकीची गोष्ट तर डोळ्यांदेखत संपत आली आहे. मे २०२५ मध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. नोव्हेंबरमध्ये आंध्रच्या मारेडुमिल्लीच्या जंगलात माओवादी कमांडर हिडमा ठार झाला. लेव्ही घेणारा हात गेला. म्हणून गांजा थांबला का? आंध्रात कारवाई कडक झाली तशी लागवड ओडिशाकडे सरकली. आंध्र सरकारला २०२४ मध्ये गांजासाठी ‘ईगल’ नावाचं वेगळं दल उभारावं लागलं, आणि तेलंगणानेही आपल्या विभागाला तेच नाव घेतलं.

कोलंबियाने हा अनुभव आपल्या आधी घेतला आहे. २०१६ मध्ये फार्कने सरकारशी तह केला, शस्त्रं ठेवली. लोकांना वाटलं, आता कोका घटेल. फार्कने सोडलेल्या खोऱ्यांत सरकार वेळेवर पोहोचलं नाही. फार्कचे फुटीर गट, ईएलएन ही बंडखोर संघटना आणि ‘क्लान देल गोल्फो’ ही टोळी पोहोचली. २०२३ मध्ये कोकाची लागवड २ लाख ५३ हजार हेक्टरवर गेली, तोवरचा उच्चांक. क्रांती संपली, भाडं चालू राहिलं, कारण वाट आणि गिऱ्हाईक दोन्ही जागेवर होते.

पूर्व घाटातल्या रिकाम्या झालेल्या वाटांवर आता कोण पोहोचतं, यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत. कॉफी, हळद, राजमा विकत घेणारा खरेदीदार आणि बारमाही रस्ता आधी पोहोचला, तर देगलूरवरून जाणारी पोती हळूहळू कमी होतील. तो रेंगाळला, तर त्याच घाटात भाडं घ्यायला दुसरं कोणी उभं राहील. त्याच्या हातात लाल झेंडा असेल, भगवा असेल, हिरवा असेल किंवा कुठलाच नसेल. दर मात्र पोत्यामागेच ठरेल.